अस्त्र आणि अस्त्राची निगा

क्षेपणास्त्राची चाचणी यशस्वी झाली की त्याचे छायाचित्र वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झळकते. प्रजासत्ताकदिनी ते वाहनावर आरूढ होऊन राजधानीच्या रस्त्यावरून जाते, तेव्हा पाहणाऱ्याची छाती अभिमानाने फुगते. यात गैर काहीच नाही. मात्र संचलन संपल्यावर हे अस्त्र कोठे जाते, त्याची तपासणी कोण करतो, त्यातला एखादा भाग निकामी झाला तर तो कोठे व किती दिवसांत दुरुस्त होतो, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. अस्त्र विकत घेणे हा एका दिवसाचा समारंभ असतो. ते सज्ज राखणे हे वीस-पंचवीस वर्षांचे व्रत असते. समारंभाला पाहुणे पुष्कळ जमतात, व्रत मात्र ज्याचे त्यालाच पाळावे लागते.

हा विषय आज आम्ही हाती घेतला, त्याचे निमित्त बडोदे शहर आहे. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांच्या हस्ते तेथे टाटा उद्योगसमूहाच्या विमान-जुळणी कारखान्याचे उद्घाटन झाले. सी-२९५ जातीची ५६ वाहतूक विमाने घेण्याचा करार २०२१ साली झाला. त्यांपैकी १६ स्पेनमधून तयार होऊन यावयाची आणि ४० बडोद्यात बनावयाची, अशी योजना आहे. खाजगी कारखान्यात लष्करी विमान संपूर्णपणे जुळविण्याचा हा देशातला पहिलाच प्रयोग असल्यामुळे त्याचा गाजावाजा व्हावा, हे साहजिकच होते. परंतु त्याच बडोद्यात, फतेगंज भागात, अनेक दशके एक संस्था गाजावाजा न करता आपले काम करीत आली आहे आणि आमच्या आजच्या विषयाचे मूळ त्या संस्थेत आहे.

ही संस्था म्हणजे भूदलाचे ईएमई स्कूल. ईएमई हे 'इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनियर्स' या दलाचे संक्षिप्त नाव. सामान्य प्रवासी या स्कूलला ओळखतो तो तेथील दक्षिणामूर्तीच्या मंदिरामुळे. ब्रिगेडियर ए. एफ. यूजीन या ख्रिस्ती अधिकाऱ्याच्या पुढाकाराने १९६६ साली उभे राहिलेले, ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनी मढविलेल्या घुमटाचे आणि सर्व धर्मांची चिन्हे अंगावर वागविणारे ते मंदिर खरोखरच पाहण्यासारखे आहे. पण मंदिराच्या पलीकडे जे वर्ग आणि प्रयोगशाळा आहेत, त्यांत भूदलाची रडारे, दळणवळणाची यंत्रे आणि क्षेपणास्त्र प्रणाली यांची देखभाल करणारे जवान, हवालदार आणि अधिकारी तयार होतात. सीमेवरच्या एखाद्या तुकडीतील क्षेपणास्त्र ऐन वेळी उडाले, तर त्या यशात बडोद्याच्या या वर्गांचाही वाटा असतो.

बडोद्याला ही परंपरा नवी नाही. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली तेथे कलाभवनाची स्थापना केली आणि त्याची धुरा प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे सोपविली. हातांना कसब आणि बुद्धीला शास्त्र एकाच ठिकाणी, तेही शक्य तितके मातृभाषेतून मिळावे, असा त्यामागील हेतू होता. आमच्या दादासाहेब फाळक्यांचेही काही शिक्षण याच कलाभवनात झाले. यंत्र विकत आणणारा नव्हे, तर ते उघडून पुन्हा बसवू शकणारा माणूस घडला तरच देश स्वतंत्र बुद्धीचा होतो, हे त्या द्रष्ट्या राजाने ओळखले होते. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर आपण संरक्षणक्षेत्रात नेमक्या याच प्रश्नापाशी येऊन पोहोचलो आहोत.

लष्करातील दुरुस्तीची रचना कशी चालते, हे प्रथम पाहणे इष्ट होईल. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे, मोटारी आणि बिनतारी यंत्रे यांची संख्या अफाट वाढली. तोवर भांडारखात्याकडे असलेले दुरुस्तीचे काम स्वतंत्र दलाकडे देणे भाग पडले. १५ ऑक्टोबर १९४३ ही या दलाच्या स्थापनेची तारीख म्हणून पाळली जाते. याच काळात तळ-कार्यशाळाही उभ्या राहिल्या. दिल्ली, जबलपूर, कांकिनाडा, प्रयागराज, आग्रा, मेरठ, बंगळूर आणि आपल्या पुण्याजवळची खडकी अशा आठ ठिकाणच्या तळ-कार्यशाळा भूदलाच्या मोठ्या दुरुस्तीचा कणा ठरल्या. ही सारी व्यवस्था पायऱ्यापायऱ्यांची होती. तुकडीला लागून हलक्या दुरुस्तीचे पथक, त्यामागे क्षेत्रीय कार्यशाळा, त्यामागे स्थिर किंवा अग्रिम तळ-कार्यशाळा आणि सर्वांत शेवटी, यंत्राचा सांगाडा न् सांगाडा मोकळा करून ते नव्यासारखे करून देणारी तळ-कार्यशाळा. जी दुरुस्ती एका पायरीवर होत नाही ती मागच्या पायरीकडे धाडावयाची, असा दंडक होता.

मोटारीच्या आणि रणगाड्याच्या युगात ही रचना योग्यच होती. क्षेपणास्त्राची जात मात्र वेगळी. तोफ रोज वापरली जाते, रोज पुसली जाते आणि बिघाड झाला तर तो डोळ्यांना दिसतो. क्षेपणास्त्र वर्षानुवर्षे आपल्या नळीत किंवा पेटीत निमूट पडून असते. त्याला आयुष्यात एकदाच उडावयाचे असते आणि ती एकच वेळ साधावयाची असते. तोवर त्याच्या पोटातले घन इंधन हळूहळू जुने होते, त्याला सूक्ष्म तडे जाऊ शकतात, विद्युत्घट निकामी होऊ शकतात, रबराची वेष्टने कडक होतात, दमट हवा जोडण्यांत शिरते. समुद्रकाठी राहणाऱ्या आमच्या वाचकांना खाऱ्या वाऱ्याचा प्रताप वेगळा सांगावयास नको. खिडकीचे गज आणि ट्रॉलरची यंत्रे यांवर तो काय करतो, हे ते दर पावसाळ्यानंतर पाहतातच. वरून धडधाकट दिसणारे अस्त्र आतून पोकळ झाले आहे की नाही, हे केवळ नियमित तपासणीनेच कळते.

आमच्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हते, असे मात्र नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त गडावरच्या दारूखान्यासंबंधी जी आज्ञा आहे, ती आजच्या देखभाल-पुस्तिकेत शोभावी अशी आहे. दारूखाना राहत्या घराजवळ नसावा, आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन दारू बाहेर काढावी, तिला ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी, असे त्यात सांगितले आहे. यातली कालमर्यादा पाहावी, नेमून दिलेला जबाबदार माणूस पाहावा आणि तपासणीनंतर उमटवावयाची मुद्राही पाहावी. कोणी, केव्हा आणि काय करावयाचे, या तिन्ही गोष्टी तेथे ठरवून दिल्या आहेत. अडीच-तीनशे वर्षांत दारूची जागा मार्गदर्शित अस्त्राने घेतली, परंतु प्रश्न हेच तीन उरले.

या प्रश्नांची नवी उत्तरे शोधण्याचा प्रयत्न गेल्या दशकात झाला आणि त्याचा धागा गोव्याशी जुळतो. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१६ साली त्यांनी लेफ्टनंट जनरल (निवृत्त) द. बा. शेकटकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. सैन्याची लढण्याची धार वाढावी आणि संरक्षणखर्चाचा तोल सुधारावा, हे तिचे काम होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात समितीने अहवाल दिला. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये, पर्रीकर गोव्याच्या मुख्यमंत्रिपदी परतले असताना आणि संरक्षणखाते अरुण जेटली यांच्याकडे असताना, भूदलाशी संबंधित ६५ शिफारशी स्वीकारल्याची घोषणा झाली. सुमारे ५७ हजार लष्करी व मुलकी जागांची फेररचना त्यात अभिप्रेत होती. दुरुस्तीच्या पायऱ्यांची पुनर्रचना हा तिचा एक प्रमुख भाग होता आणि तळ-कार्यशाळा, अग्रिम तळ-कार्यशाळा व स्थिर कार्यशाळा या सर्वांचा तिच्यात उल्लेख होता.

पायऱ्या कमी करण्यामागील तर्क भक्कम आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. आजच्या क्षेपणास्त्र प्रणालीत स्वतःची तपासणी स्वतःच करणारी यंत्रणा असते. कोणता खण बिघडला हे ती सांगते. जवानाने तो खण उपसून नवा बसवावयाचा आणि जुना थेट तळ-कार्यशाळेकडे किंवा निर्मात्याकडे पाठवावयाचा. मधल्या दोन कार्यशाळांनी तो उघडून पाहण्याने वेळ जातो, नाजूक भागांना धक्का लागतो आणि प्रत्येक पायरीवर महागडी चाचणीयंत्रे ठेवावी लागतात. बंद नळीत मोहोरबंद होऊन येणारी अलीकडची क्षेपणास्त्रे तर क्षेत्रात उघडावयाचीच नसतात. अमेरिकेच्या भूदलाने पूर्वीच्या चार पायऱ्या मोडून रणक्षेत्रातली आणि पिछाडीची अशा दोनच पायऱ्या ठेवल्या, त्याचेही कारण हेच. बदलत्या यंत्राबरोबर रचना बदलली नाही, तर सैन्य हे कार्यशाळांचे संग्रहालय होऊन बसेल.

तथापि कागदावर पायरी पुसणे सोपे असते आणि त्या पायरीवर साठलेले ज्ञान पुन्हा उभे करणे कठीण असते. मधली पायरी काढली की तिच्यावरचा भार नाहीसा होत नाही. तो पुढच्या जवानाच्या खांद्यावर आणि मागच्या कारखान्याच्या माथी जातो. पुढच्या जवानापाशी बदलीचा खण नसेल आणि मागच्या कारखान्यातून तो सहा महिने परत येत नसेल, तर दोन पायऱ्यांची सुटसुटीत रचना म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होईल. लडाखच्या उंचीवर किंवा अरुणाचलाच्या दरीत रडार बंद पडले, तर कंपनीचा अभियंता तेथे पोहोचेपर्यंत शत्रू थांबत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील दाहरान येथे इराकचे एक स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या निवासावर कोसळले आणि २८ सैनिक प्राणांस मुकले. त्यांच्या रक्षणासाठी पेट्रियट प्रणाली सज्ज होती, पण ती उडालीच नाही. चौकशीत जे निघाले ते चटका लावणारे होते. प्रणालीतील संगणकाच्या वेळमापनात एक अतिसूक्ष्म चूक होती आणि यंत्र जितके तास अखंड चालू राही तितकी ती वाढत जाई. शंभर तासांनंतर ती सेकंदाच्या सुमारे एक तृतीयांशाइतकी झाली. तेवढ्या अवधीत स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापतो, त्यामुळे प्रणाली आकाशाच्या भलत्याच भागात त्याला शोधीत राहिली. यंत्र अधूनमधून बंद करून पुन्हा सुरू करणे एवढाच तात्पुरता उपाय होता. दोन आठवडे आधी इस्रायलने हा दोष कळविला होता. फार वेळ यंत्र चालवू नये अशी सूचनाही तुकड्यांना गेली होती, पण फार वेळ म्हणजे किती तास, हे त्या सूचनेत नव्हते. सुधारित आज्ञावली दाहरानला पोहोचली ती २६ फेब्रुवारीस, म्हणजे अनर्थाच्या दुसऱ्या दिवशी. पिछाडीला ठाऊक असलेली गोष्ट आघाडीच्या माणसापर्यंत नेमक्या शब्दांत न पोहोचल्याची ती किंमत होती.

आपल्या घरची उदाहरणेही बोलकी आहेत. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७ साली संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात हवाईदलाच्या आकाश क्षेपणास्त्रांविषयी गंभीर नोंदी होत्या. २०१४ च्या एप्रिल ते नोव्हेंबर या काळात चाचणीस घेतलेल्या २० क्षेपणास्त्रांपैकी ६ अपयशी ठरली होती. ज्या ठिकाणी ती तैनात व्हावयाची होती, तेथील बांधकामे वेळेवर पुरी झाली नव्हती. अस्त्र आले, पण अस्त्राचे घर तयार नव्हते! तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली जुनी सवय येथेही सुटली नाही. पुढे ९ मार्च २०२२ रोजी एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र अपघाताने सुटले आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ पडले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. नित्याच्या देखभालीच्या वेळी तांत्रिक बिघाड झाला, असे सरकारने प्रथम सांगितले. ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीपासून ढळल्याचा ठपका चौकशीअंती तीन अधिकाऱ्यांवर ठेवला गेला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात ते बडतर्फ झाले. दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांमध्ये अशी चूक कोठवर जाऊ शकते, याचा विचारही अंगावर काटा आणतो. कार्यपद्धती, देखभाल आणि तपासणी यांचा फेरआढावा घेण्याचे आश्वासन तेव्हा संसदेत देण्यात आले, ते योग्यच झाले. देखभाल ही केवळ सज्जतेची नव्हे, शांततेचीही बाब आहे, हे त्या घटनेने शिकविले.

याच नाण्याची उजळ बाजू मे २०२५ मध्ये दिसली. 'ऑपरेशन सिंदूर'च्या दिवसांत पाकिस्तानकडून आलेले ड्रोन आणि क्षेपणास्त्रे परतविण्यात स्वदेशी आकाशने कामगिरी बजावली. एकेकाळी लेखापरीक्षकांनी ज्याच्यावर बोट ठेवले होते तेच हे अस्त्र. दोष झाकून न ठेवता दाखविले गेले तर ते दूर होऊ शकतात, हा यातला बोध आहे. आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. आकाशच्या जोडीला पेचोरा आणि ओसा-एके या सोव्हिएत काळातील प्रणालीही उभ्या होत्या. ज्या देशाने त्या बनविल्या तो देश नकाशावरून जाऊन तीन दशके उलटली, तरीही त्या सज्ज राहिल्या. त्यामागे ज्यांची नावे कधी छापून येत नाहीत अशा तंत्रज्ञांच्या पिढ्या आहेत. ज्यांनी रशियन पुस्तिका अभ्यासल्या, न मिळणाऱ्या भागांना पर्याय शोधले आणि आपले कसब पुढच्या तुकडीच्या हाती दिले, त्यांचे ते श्रेय आहे. आमच्या किनाऱ्यालाही हा अनुभव आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या बोटींनी कराचीवर जो क्षेपणास्त्रांचा मारा केला, तो इतिहासात अमर झाला. पण सोव्हिएत भूमीवर जाऊन ते अस्त्र शिकून आलेले खलाशी आणि तंत्रज्ञ नसते, तर त्या बोटी बंदरातच शोभल्या असत्या.

म्हणून पायऱ्या किती असाव्यात, हा वाद आम्हांला दुय्यम वाटतो. त्याआधी चार गोष्टींची निश्चिती व्हावयास हवी. पहिली गोष्ट कराराची. प्रणाली विकत घेताना तिची संपूर्ण तांत्रिक कागदपत्रे, चाचणीयंत्रे आणि मोठी दुरुस्ती देशातच करण्याचा हक्क, या गोष्टी किमतीच्या पहिल्या ओळीत असाव्यात, शेवटच्या परिशिष्टात नव्हेत. पर्रीकरांच्या काळात २०१६ साली झालेल्या राफेल करारात पाच वर्षांपर्यंत ७५ टक्के सज्जता राखण्याची हमी विक्रेत्याकडून घेतली गेली, आणि बडोद्याच्या सी-२९५ विमानांच्या बाबतीतही मोठ्या दुरुस्तीची सोय देशात उभी करावयाची आहे. क्षेपणास्त्रांच्या प्रत्येक करारात हा पायंडा पडला पाहिजे. किती नग मिळाले याची मोजदाद संपून, कोणत्याही दिवशी किती नग डागण्याजोगे आहेत याची मोजदाद सुरू व्हावयास हवी.

दुसरी गोष्ट माणसांची. २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेत जवानाची पहिली सेवा चार वर्षांची असून त्यांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत लोकांनाच पुढे कायम केले जाते. पायदळापुरता या योजनेचा वाद आम्ही येथे उकरीत नाही. पण रडाराचा किंवा क्षेपणास्त्राचा तंत्रज्ञ चार वर्षांत पिकत नाही. प्रशिक्षणाचा काळ वजा केला तर त्याच्या हाती उरतो किती वेळ? नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारा सुभेदार पंधरा-वीस वर्षांच्या सेवेतून घडतो. पायऱ्या कमी केल्यावर पुढच्या तुकडीत उभा असलेला हा माणूसच सर्वांत मोठी कार्यशाळा ठरणार आहे. त्यामुळे तांत्रिक शाखांसाठी कायम होणाऱ्यांचे प्रमाण वेगळे आणि मोठे ठेवण्याचा विचार सरकारने गांभीर्याने करावा.

तिसरी गोष्ट तळ-कार्यशाळांची. मालकी सरकारची आणि कारभार खाजगी ठेकेदाराचा, अशा पद्धतीने त्या चालवाव्यात असा प्रस्ताव पुढे आला आणि कामगार संघटनांनी त्याला विरोध केला. खाजगी उद्योगाला अस्पृश्य मानण्याचे दिवस गेले, हे बडोद्यानेच दाखविले आहे. परंतु खडकी किंवा मेरठच्या कुशल कामगाराला अडगळ समजून जी बचत होईल, ती पुढे दामदुपटीने वसूल होईल. नफ्यासाठी चालणारा ठेकेदार सोपी दुरुस्ती आनंदाने करील. चाळीस वर्षांच्या जुन्या प्रणालीचा न मिळणारा भाग स्वतः घडवून देण्याचा उपद्व्याप तो करीलच, अशी खात्री कोण देणार? दोघांची सांगड घालावयाची असेल तर कामगाराला बरोबर घेऊनच ती घातली पाहिजे. चौथी गोष्ट माहितीची. तुकडीतल्या हवालदाराने नोंदविलेला दोष कारखान्यापर्यंत आणि कारखान्याला सापडलेला उपाय त्या हवालदारापर्यंत काही दिवसांत, निःसंदिग्ध शब्दांत, त्याला समजेल अशा भाषेत पोहोचला पाहिजे. दाहरानचा धडा हाच आहे.

या सर्वाशी आम्हां किनारपट्टीच्या लोकांचा संबंध काय, असे कोणी विचारील. वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये नौदलासाठी 'त्रिपुट' आणि 'तवस्या' या क्षेपणास्त्रधारी युद्धनौका बांधल्या जात असून २०२४ आणि २०२५ साली त्यांचे जलावतरण झाले. या नौकांचे आयुष्य पुढील पिढीच्या हातांवर अवलंबून राहणार आहे. त्या हातांना कसब देणाऱ्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनांकडे आपली राज्ये आज कोणत्या नजरेने पाहतात, हे ज्याने त्याने मनाशी तपासावे. यंत्र दुरुस्त करणाऱ्याला यंत्र विकणाऱ्यापेक्षा कमी मानण्याची आपली वृत्ती जोवर जात नाही, तोवर कितीही पायऱ्या काढल्या वा घातल्या तरी फरक पडणार नाही.

सरकारने पुनर्रचना जरूर करावी. ती करताना मात्र वाचलेल्या जागांचा हिशेब संसदेला देण्याबरोबरच सज्ज राहिलेल्या अस्त्रांचा हिशेबही, गोपनीयतेची मर्यादा सांभाळून, संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे दरवर्षी ठेवावा, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. या दुसऱ्या हिशेबावाचून पहिला अपुरा आहे आणि अपुऱ्या हिशेबाची परीक्षा युद्धाच्या रात्री होऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.